दोन बेडरूमचं घर

आमच्या गावात आरोग्य मंडळाला आपण होऊन फोन करायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एमरीशी लग्न करून मी इथे डोंगरावर राहायला आले तेव्हा त्याने बाकी सगळं सांगितलं होतं. अंडी कुणाकडची घ्यायची, बर्फ वितळून चिखल झाला की कुठल्या रस्त्याला गाडी घालायची नाही, कुणाच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. हे एवढं मात्र राहून गेलं.

"फोन केलास? तू? स्वतःहून?" हातातला रंधा खाली ठेवत एमरी म्हणाला. "आणि विचारलंस काय?"

"एवढंच, की आई राहायला आली तर आपल्या टाकीला झेपेल का."

"वेंडल काय म्हणाला?"

"खोली बघायला येतो म्हणाले. शनिवारी."

एमरी तिथेच लाकडाच्या भुशात बसला.

मला विचारल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी तरी काय करू? आमच्या गावाला गटारं नाहीत. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची टाकी पुरलेली. घरातलं सगळं सांडपाणी तिच्यात जातं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी खडीच्या चरांतून जमिनीत मुरतं. लोक वर्षानुवर्षं त्यावरचं गवत कापतात, तिथे खुर्च्या टाकून बसतात आणि खाली काय आहे ते विसरून जातात. मला विसरता येत नाही. ओपल झाल्यापासून तर मला काहीच विसरता येत नाही. आठ महिन्यांचं बाळ, त्याचे रोज धुवायचे कापडी लंगोट, त्यात आता आईची अंघोळ, आईचे कपडे. एवढं पाणी जाणार कुठे? आणि जमिनीने घेतलं नाही, तर ते वर येणार ज्या गवतात ओपल उन्हाळ्यात रांगणार त्याच गवतात. हे डोक्यात आल्यावर फोन न करता झोप कशी लागणार?

आई नाताळात चर्चच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती चिकोपी शहरातल्या एका शुश्रूषा केंद्रात होती. हाड जुळलं, ती चालायलाही लागली, पण तिचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. ते आता सुटल्यातच जमा होतं. ईस्टरपर्यंत तिला केंद्रातून हलवायचं होतं. एक तर आमच्याकडे, नाहीतर त्याच रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात. तिथे एक पलंग तिच्या नावाने अडवून ठेवला होता, दुसऱ्या एका बाईच्या खोलीत. 

एमरी सुतार आहे. आईला जिना चढवणार नाही म्हणून त्याने खालची जेवणाची खोली तिच्यासाठी करायला घेतली होती. बाथरूम शेजारीच होती. त्याने जाड लाकडी दार बसवलं आणि भिंतीत सीडरच्या लाकडाचं कपाट केलं, आत पाऊल टाकलं की जंगलात गेल्यासारखा वास. फोनवर मी नेमकं त्याच कपाटाचं कौतुक केलं होतं.

"खोलीला दार आहे?" वेंडलनी विचारलं होतं.

"हो, नवीन!"

"खिडकी?"

"दोन आहेत. छान ऊन येतं."

"आणि कपाट?"

"अहो, कपाट तर बघाच तुम्ही! एमरीने इतकं सुंदर केलंय!"

पलीकडे काहीतरी खदखदत होतं. वेंडल त्यांच्या शेडमध्ये मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करत होते. मग ते म्हणाले, "बरं. येतो."

वेंडल स्टॉकर मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे तरी काय, गावाने निवडून दिलेली तीन माणसं. हिवाळ्यात वेंडल रस्त्यांवरचा बर्फ काढतात, मार्चमध्ये रस आटवतात आणि राहिलेल्या वेळात गावाच्या टाक्यांवर लक्ष ठेवतात. शनिवारी आले ते अंगाला पाकाचा वास घेऊनच. दाराशी बूट काढले, मोज्यांवर घरभर फिरले. वर आमची खोली पाहिली, शेजारची ओपलची छोटी खोली पाहिली. भिंतीवरची बदकं मी रंगवली होती, पाळणा नीट मधोमध ठेवला होता. "झकास," म्हणाले. मग खाली येऊन त्यांनी ते कपाट उघडलं, खोल श्वास घेतला आणि बंद केलं.

"एमरी, काम एक नंबर केलंयस. पण दार, खिडकी, कपाट. गावाच्या लेखी ही बेडरूम झाली. तुमची टाकी दोन बेडरूमची आहे. ही तिसरी."

"पण माणसं तर आम्ही चारच," मी म्हणाले. "त्यातलं एक एवढंसं."

"माणसं आम्ही मोजत नाही. दोन खोल्यांत दहा जण झोपा, मंडळ हूं का चूं करणार नाही."

"हे काय भलतंच?"

"माणसं येतात नि जातात गं. उद्या तुम्ही घर विकलंत तर घेणारा खोल्या बघून घेईल आणि पाच पोरं घेऊन राहायला येईल. खोल्या काही उठून जात नाहीत."

"मग चर वाढवतो," एमरी म्हणाला. "पुढचं आवार पडलंय की मोकळं."

वेंडल त्याला घेऊन बाहेर गेले. मीही ओपलला कडेवर घेऊन मागोमाग गेले. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी टाच आपटली. "तुझ्या वडलांनी हे आवार खणून बघितलं होतं. मी फावडं धरून इथेच उभा होतो. दोन हात खाली कातळ. पाणी मुरणार कशात? ते निघणार कातळावरून घसरत, आणि जाणार..." त्यांनी हनुवटीने उताराखाली दाखवलं. तिथे ऑनर टिलीचं शेळ्यांचं लाल शेड होतं आणि शेडशेजारी तिची विहीर.

मला एकदम वेंडलचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे इतकं, की त्या रात्री मी लंगोट धुवायचेच टाळले.

जाता जाता त्यांनी वाट सांगितली. आईच्या खोलीचं दार काढायचं, कपाट काढायचं, भिंत कापून पाच फूट रुंद मोकळी जागा ठेवायची. मग ती बेडरूम राहत नाही, नुसती बसायची जागा होते. तिथे पलंग टाकून कोण झोपतं ते मंडळ बघत नाही. "पडदा लावा हवं तर," वेंडल म्हणाले. "मंगळवारी सभेला या, ठराव करून टाकू."

गाडी गेल्यावर एमरी माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी पोलिसांनाच फोन कर. ते एवढे तपशिलात शिरत नाहीत."

रविवारी आम्ही आईला भेटायला गेलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईचा टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यात कुणीतरी बक्षिसाचं चाक फिरवत होतं, कुणाला तरी फ्रिज लागत होता. आईने ओपलला मांडीवर घेतलं आणि मी पडद्याचं सांगितलं. छान जाड पडदा, तिच्या आवडीच्या निळ्या रंगाचा.

"नको," आई म्हणाली.

"निळा नको?"

"पडदा नको. मला दार हवं."

"बर्निस, माझ्या हातात असतं तर तुम्हाला दोन दारं लावली असती," एमरी आईला म्हणाला.

"तुझं मन मला ठाऊक आहे रे. पण मी नाताळापासून पडद्याआड कपडे बदलतेय. ही बाई," आईने आवाज खाली न आणता शेजारी बोट दाखवलं, "पहाटे पाचला गाणी लावते. नर्स येते, डॉक्टर येतो, पाव वाटणारा येतो, कुणी विचारत नाही येऊ का म्हणून. पडद्यावर टकटक करता येते का? तुझ्या स्वयंपाकघरातून येणारा-जाणारा माझे पाय बघणार. त्यापेक्षा वृद्धाश्रम बरा. तिथे निदान मी परक्यांसमोर उघडी पडेन, जावयासमोर नाही."

"आई, तिथेही दुसरी बाई आहे खोलीत."

"असू दे. त्या खोलीला तरी दार आहे."

"हट्ट करू नकोस ना."

"लिडिया, पोरी, मी तुझ्याकडे राहायला येणार आहे. मुक्कामाला नाही. राहायचं म्हणजे दार लागतं."

परतीच्या वाटेवर मी रडले, ओपल झोपली होती. घाट चढायला लागल्यावर एमरी म्हणाला, "बरोबर आहे गं त्यांचं." ते मलाही कळत होतं, म्हणून तर रडू येत होतं.

मंगळवारची सभा गावसभागृहात संध्याकाळी सहाला. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधे वेंडल. एका बाजूला डॉक्टर हच, निवृत्त गुरांचे डॉक्टर, ते कामकाज लिहून घेतात. दुसऱ्या बाजूला ऑनर टिली, विणकाम घेऊन. तीच ती, उताराखालची. ओपल माझ्या मांडीवर लाकडी चमचा चोखत होती.

वेंडलनी आमचं नाव पुकारलं तशी ऑनर उठली. "माझी विहीर ह्यांच्या उताराला आहे. ह्या विषयापुरती मी मंडळात नाही."

"नोंद घ्या, डॉक्टर."

ऑनरने लोकरीचा गुंडा काखेत मारला, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बसल्या बसल्या हात वर केला. "शेजारीण म्हणून बोलू का?"

"तुला आजवर कुणी थांबवलंय?" वेंडल म्हणाले. "पण आधी त्यांचं ऐकू."

एमरीने आईचं सांगितलं. दाराचं, पडद्याचं, पाव वाटणाऱ्याचं. डॉक्टर हचनी चष्मा काढून पुसला. "म्हातारीला दार हवं ह्यात काही वावगं नाही. मलाही हवं असतं. पण दार ठेवलं की तीन होतात, आणि तीन मी लिहू शकत नाही. खाली विहीर आहे."

"तीच माझी विहीर," ऑनर म्हणाली.

"माहीत आहे, ऑनर."

 आई ह्या घरात येणार नाही, हे मला तेव्हा दिसायलाच लागलं. मी दर रविवारी त्या टीव्हीच्या आवाजात ओपलला घेऊन जाणार, आणि मग हिवाळ्यात घाट बंद झाला की तेही नाही.

"आता बोलते," ऑनर म्हणाली, सुया न थांबवता. "मी पहाटे उठते शेळ्या पिळायला. माझ्या शेडमधून ह्यांचं घर सरळ दिसतं. रोज वरच्या मोठ्या खिडकीत दिवा. बाळ रडतं तेही तिथेच. ती बाजूची छोटी खिडकी आहे ना? तिच्यात मी एकदाही उजेड पाहिला नाही. त्या खोलीत कोण झोपतं, लिडिया?"

माझे कान तापले. एमरी छताकडे बघायला लागला.

"कुणी नाही," मी म्हणाले. "पाळणा आमच्याच खोलीत असतो. माझ्या हाताला लागेल असा. डॉक्टर म्हणतात आता वेगळं झोपवा, पण मला मधे भिंत असली की ती श्वास घेतेय का ते कळत नाही. शनिवारी वेंडल येणार म्हणून पाळणा तेवढा सरकवला होता."

"माझ्यासाठी?" वेंडल म्हणाले. "मी काय पाळणाघरं तपासतो?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मला लाज वाटत होती, पण त्या लाजेतच एक प्रश्न सुचला. "डॉक्टर, दोन बेडरूम म्हणता, त्या कुठल्या दोन ते नियमात लिहिलंय का?"

डॉक्टर हचनी पानं उलटली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नाही. दोन. एवढंच."

"मग खालची आईची, दारासकट. आणि वर एक. छोटी खोली रद्द."

"रद्द म्हणजे दाराला कुलूप लावून भागायचं नाही," वेंडल पुढे सरकले. "छोटीचं बाहेरचं दार बुजवायचं, आणि तिच्या नि तुमच्या खोलीच्या मधली भिंत कापायची. पाच फूट. मग दोन्हीची मिळून एक."

"ती भिंत?" एमरी उभाच राहिला. "अहो, त्या भिंतीचं प्लास्टर मी मागच्या वर्षी काढून नवीन केलंय! बदकं आहेत तिच्यावर!"

"बदकं दुसऱ्या भिंतीवर काढता येतात," मी म्हणाले.

"आणि ओपल काय लग्न होईपर्यंत आपल्याच खोलीत?"

"तोपर्यंत बघू."

तो खाली बसला. मला आलेलं हसू सभेला दिसू नये म्हणून मी ओपलच्या केसांत तोंड लपवलं. इतके महिने मला लोक सांगत होते, बाळ आणि आई यांच्यात भिंत असावी. आता गाव म्हणत होतं, पाडा ती.

"थांबा," ऑनर म्हणाली. "मी मेल्यावर गुपचूप दार बसवाल, तसलं चालायचं नाही. दोनच बेडरूम, कायमच्या, अशी नोंद घराच्या खरेदीखताला जोडा. आणि दर वसंतात माझ्या विहिरीचं पाणी तपासायचं."

"वर्षातून दोनदा तपासू," मी म्हणाले. "वसंतात आणि पानगळीत. आणि टाकीचा गाळ किती चढला तेही बघू. झाकण उघडून."

ऑनरच्या सुया पहिल्यांदा थांबल्या. "वेंडल, पुढच्या निवडणुकीला हिला उभी कर. मला ह्या खुर्चीचा कंटाळा आलाय."

ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दार ठेवणार? लिहून दिलंय?" मी म्हणाले, हो, गावाने. मग ती म्हणाली, "ठीक आहे. त्या वृद्धाश्रमवाल्यांना मीच सांगते. मला सांगायला आवडेल."

पुढचे दिवस घरभर पांढरी धूळ. मी ओपलला घेऊन ऑनरकडे जाऊन बसायची, ती चीज गाळायची. एमरी एकटाच भिंत कापत होता आणि मधून मधून उतारावरून ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलत होता. पण काम झाल्यावर वर गेले तर मी दारातच थांबले. सकाळचं ऊन आता छोट्या खोलीतून सरळ आमच्या पलंगावर येत होतं. ओपलला पाळण्यात निजवून मी पलंगावर पडले, तर तिथून पाळणा दिसत होता, त्याच्या गजांमधून ओपलचा एक पाय दिसत होता. एमरीने कडांना ओकच्या रुंद पट्ट्यांची चौकट केली होती, कोरीव. "कापायचीच आहे तर नीट कापू," तो म्हणाला.

आई येणार त्याच दिवशी दुपारी वेंडल टेप घेऊन तपासायला आले. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली.

"दोन इंच कमी आहे."

"शक्यच नाही! भिंत पाच फूट कापलीय, मोजून!"

"भिंत कापलीस पाच फूट. मग तुझी ही दिमाखदार चौकट बसवलीस. मोकळी जागा मोजायची असते रे, चौकटीच्या आतली."

एमरीचं तोंड बघण्यासारखं झालं. पट्टीच्या कोरीवकामात त्याच्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या. तेवढ्यात बाहेर चिखलातून गाडी वर येत असल्याचा आवाज आला. केंद्राची गाडी, आई.

"आज सही झाली नाही तर?" मी विचारलं.

"तर आज ह्या घरात तीन बेडरूम आहेत," वेंडल म्हणाले. मग त्यांनी कोट काढून रिकाम्या पाळण्यावर टाकला. "कटावणी कुठेय? बाजूच्या दोन्ही पट्ट्या काढ. वरची राहू दे, बायकोला दाखवायला."

मी ओपलला घेऊन खाली धावले. आई काठी टेकत दारात आली तेव्हा वरून ठोकण्याचे आवाज येत होते, एक फळी कडाडली, एमरी काहीतरी बोलला.

"माझ्या स्वागताला घर पाडताय का?" आईने विचारलं.

"थोडंसंच," मी म्हणाले.

ती तिच्या खोलीत गेली. दोन्ही खिडक्यांतून बाहेर बघितलं. कपाट उघडलं, डोळे मिटून वास घेतला. तिच्या पिशवीतली मरियमची तसबीर पलंगाशेजारी ठेवली. तोवर वेंडल जिन्यावरून उतरले, अंगभर धूळ, हातात सही केलेला कागद, आणि आईकडे बघून टोपी काढली.

"दोन बेडरूम. अभिनंदन, बाई."

"कुणाचं?" आई म्हणाली. "आणि हे कोण?"

"ह्यांनी तुझं दार ठेवू दिलं," मी म्हणाले.

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग संध्याकाळी जेवायला या. कोबीच्या पानातला भात करणार आहे मी, ह्या मुलीला जमत नाही." आणि माझ्याकडे वळून, "आता मला जरा पडू दे."

दार लागलं. एमरीचं काम, आवाज नाही, नुसती हलकी टक. मी तिथेच उभी राहिले. आत काठी ठेवल्याचा आवाज आला, मग पलंगाचा. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. पडली तर नसेल? अंगावर घ्यायला दुसरी चादर हवी असेल? मी टकटक करायला हात उचलला.

"लिडिया."

"काय आई?"

"दाराखालून तुझे मोजे दिसताहेत."

मी स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले. तिथूनही ते दार दिसतं, पण हे तिला सांगायची काय गरज आहे?